वरचं दादाचं, खालचं बारक्याचं

आरसा

"आरसा बघितला," वकीलसाहेब म्हणाले.

आरसा त्यांनी बघितला नव्हता. मास्तरीण शेजारच्या सीटवर बसून त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होती. ते डोळे समोरच्या काचेला असे चिकटले होते, जणू तिथे कुणी नोटीस डकवलीय.

"काय दिसलं आरशात?"

"मागचा रस्ता."

"रस्ता मागे असतोच, साहेब. तो काही उठून पळत नाही. रस्त्यावर काय होतं?"

वकीलसाहेबांनी स्टीअरिंग आणखी घट्ट धरलं. दिवसभर कोर्टात समोरच्याला तोंड उघडू न देणारा हा माणूस स्टीअरिंग हातात आलं की नवी नवरी व्हायचा. तेवढ्यात उजवीकडून भलामोठा हॉर्न वाजला. मास्तरणीनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि वेगळा क्लच. तिच्या मते जगातल्या प्रत्येक खुर्चीशेजारी अशी एक खुर्ची असायला हवी होती.

"टेम्पो होता," ती म्हणाली. "बघितला असता तर दिसला असता. आता मोठ्यानं बोला. काय करताय?"

"थांबलोय."

"तुम्ही नाही थांबलात. मी थांबवलं."

तिच्या गाडीत मुकाट्यानं गाडी चालवायला बंदी होती. हात जे करतील ते तोंडानं सांगायचं: आरसा बघितला, गिअर टाकला, क्लच सोडतोय. शिकणाऱ्यांना लाज वाटायची. वाटू दे. मनातल्या मनात माणूस वाट्टेल ते करतो आणि वर शपथेवर सांगतो, मी बरोबर तेच केलं. तोंडानं बोलायला लावलं की त्याची चोरी त्याच्याच कानाला कळते. एवढ्या एका नियमावर तिनं भित्र्यातल्या भित्र्यांना रस्त्यावर आणलं होतं. आणि त्याच नियमापायी तिला आधीच्या नोकरीवर पाणी सोडावं लागलं होतं.

ती नोकरी मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलमधली. मालकाकडे गाड्यांचा ताफा होता आणि डोक्यात हवा. "बाई, गिऱ्हाईक पळतं तुमच्या या बडबडीनं. तुम्ही आत बसून फोन घ्या," असं तो म्हणाला. ती दोन महिने फोन घेत बसली. तिसऱ्या महिन्यात तिनं ही जुनी गाडी घेतली आणि शेजारच्या सीटपुढे पेडलं बसवून घेतली. मालकाच्या टेबलावर राजीनामा नव्हे, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. तेव्हापासून मालक दर रविवारी न चुकता फोन करायचा. "काय बाई, गाडी चालतेय ना? नाही, खुर्ची रिकामीच आहे म्हणून विचारलं."

गाडी चालत होती. गाडी चालेपर्यंत ती मास्तरीण होती. बंद पडली की ती खुर्ची आणि तो फोन.

दुकान

वायपर घ्यायला म्हणून तिनं वकीलसाहेबांना पार्टवाल्याच्या दुकानासमोर गाडी उभी करायला लावली. ती त्यांनी फुटपाथपासून एवढी लांब उभी केली की मधून सायकल गेली असती, आणि एक गेलीसुद्धा.

पार्टवाला म्हणजे खोक्यांच्या भिंतीत अडकलेला जाड माणूस. त्यानं वायपर काढून दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला, बाई?"

"बदलायचाय. आमच्या गॅरेजातले भाऊ म्हणाले, अजून चालेल. शिवाय पार्ट येत नाही म्हणे हल्ली."

पार्टवाला हसला. हसताना त्याचं पोट काउंटरला लागून हललं. "येत नाही? तो काय." वरच्या फळीवर एक खोकं होतं, धुळीनं राखाडी झालेलं. "बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप, सगळा संच. तुमच्याच गाडीचा. केव्हाचा पडलाय."

"मग त्यांनी नेला का नाही?"

"आता हे मी सांगू?" पार्टवाल्यानं वकीलसाहेबांकडे बघितलं, जणू साक्षीदार आहे की नाही ते पाहिलं. "बाई, तुमच्या गॅरेजात वरचं काम थोरल्याचं आणि खालचं धाकट्याचं. बरोबर? दोघं बोलत नाहीत. बरोबर? आता टायमिंग बेल्ट कुठं असतो? वरच्या पुलीवरून निघतो आणि खालच्या पुलीला वळसा घालून परत वर. तो एकट्याला लावता येत नाही, आणि या दोघांना मिळून काही करता येत नाही. म्हणून ते टायमिंगचं काम घेतच नाहीत. कुणाला सांगतात पार्ट नाही, कुणाला सांगतात अजून चालेल. अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

"मला नव्हतं."

"तुम्ही घरच्या," पार्टवाला म्हणाला. "घरच्यांना शेवटी कळतं."

"आणि तुटला तर?" हे वकीलसाहेबांनी विचारलं. त्या दिवशी त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

"तुटला तर वरचे व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांना धडकतात. क्षणाचं काम. मग इंजिन भंगारात."

मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मागच्या सर्व्हिसिंगला दादानं बॉनेट लावता लावता "चालेल गं" म्हटलं ते इंजिन बघून नव्हे. बारक्यानं गाडीखालच्या खड्ड्यातून "ताई, पार्टच येत नाही" म्हटलं तेही विचारपूस करून नव्हे. धाकट्याशी एक शब्द बोलावा लागू नये म्हणून थोरल्यानं, आणि थोरल्याशी एक शब्द बोलावा लागू नये म्हणून धाकट्यानं, बहिणीची भाकरी त्या झिजलेल्या पट्ट्यावर टांगून ठेवली होती. आणि या एका गोष्टीवर मात्र दोघांचं न बोलता एकमत झालं होतं!

"द्या ते खोकं," ती म्हणाली.

"तुम्हीच बदलणार की काय?"

"मी नाही. ते दोघं बदलतील. मी शेजारच्या सीटवर बसेन."

दोन शहाणे

दादा म्हणजे थोरला. केस पांढरे, कंबर धरलेली, चष्मा दोरीनं गळ्यात. बारक्या म्हणजे धाकटा. लहानपणी किडकिडीत होता म्हणून पडलेलं नाव. आता त्याला खड्ड्यात उतरताना पायऱ्यांवर तिरकं व्हावं लागतं, तरी नाव बारक्याच. वडिलांमागे दोघांनी गॅरेज एकत्र चालवलं. चांगलं चालवलं, हे मास्तरीणही कबूल करायची, जरा नाक मुरडून.

मग रेडिओ.

झालं ते एवढंच: बारक्या खड्ड्यात काम करत मॅच ऐकत होता. शेवटची षटकं. दादा वर एका इंजिनाच्या पोटातली बारीक टिकटिक कान लावून शोधत होता. दादा म्हणाला, आवाज कमी कर. बारक्या म्हणाला, एक षटक. दादानं पक्कड उचलली आणि रेडिओची वायर कापली.

एवढंच. जमीन नाही, घर नाही, कुणाची बायको नाही. एक वायर. दोन घोडे, दोघांच्या मिशा पिकल्या, आणि एका वायरीवरून वर्ष उलटून गेलं तरी तोंडाला कुलूप. तो रेडिओ अजून फळीवर होता आणि कापलेली वायर खाली लोंबत होती. जोडायला पाच मिनिटं लागली नसती, पण जोडायची कुणी? गॅरेजात जगातली प्रत्येक वायर जोडली जायची, ती एक सोडून.

वाटणी आपोआप झाली. दादाची कंबर वाकत नाही म्हणून बॉनेटकडचं सगळं त्याचं. खड्डा बारक्याचा. एखादा नट नेमका मधोमध असला तर तो गंजत राहायचा. निरोप वहिनी न्यायची, म्हणजे दादाची बायको. "त्याला सांग, गिअरचं तेल झालं का." "भाऊजी, ते विचारतात, तेल झालं का." आणि ते विचारणारे चार हातांवर उभे! शेवटी एका सकाळी वहिनीनं दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "मी लग्न एकाशी केलं, पोस्टात नोकरी धरली नव्हती." तेव्हापासून ती आतल्या खोलीत बसते आणि दार लावून घेते.

काढणं

रविवारी गॅरेज बंद असतं. मास्तरणीनं उघडायला लावलं. गाडी खड्ड्यावर घेतली, खोकं बॉनेटवर आपटलं, चावी काढून आपल्या खिशात टाकली आणि एक स्टूल ओढून उजव्या मडगार्डाशी बसली. तिथून वरचं सगळं दिसायचं, आणि चाक काढलं की त्या पोकळीतून खालचंही.

"अगं, आज कशाला," दादा म्हणाला. "अजून चालेल."

"दादा, तो शब्द पुन्हा काढलास तर मी हे खोकं तुझ्या डोक्यावर फोडीन."

"ताई, पार्ट मिळाला वाटतं," खड्ड्यातून बारक्या म्हणाला.

"तूही गप."

काढायचं काम सुरळीत झालं. काढताना भांडावं लागत नाही, ज्याचं त्यानं काढायचं. दादानं वरचं आवरण सोडलं आणि स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. बारक्यानं चाक काढलं, इंजिनाखाली जॅक देऊन त्याचा भार घेतला, खालची मोठी पुली खोलली. दोघांच्या हाताला सफाई होती, नाही कसं म्हणणार? एकानं सैल करायचं तेव्हाच दुसरा धरायचा. हे हात एकमेकांशी बोलत होते. तोंडांनाच काय तो माज.

मग दादानं जुना पट्टा उपसून बाकावर टाकला.

मास्तरणीनं तो उचलला आणि उलटा वाकवला. दातांच्या मधल्या भेगा ओठांसारख्या उघडल्या. एका कडेचे दोरे निघून लोंबत होते. टेन्शनरची चकती तिनं बोटानं फिरवली, ती दात खात फिरली. वॉटर पंपाच्या पोटाखाली गळून गळून हिरवट पापुद्रा धरला होता.

"हा चालणार होता," ती म्हणाली.

दादा चष्मा पुसू लागला. खड्ड्यात पाने इकडचे तिकडे झाले.

"यावर मी लोकांची पोरं बसवून घाटातून नेली. बोला ना. एरवी सल्ले फुकट वाटता."

तिच्या खिशातला फोन वाजला. मोठ्या स्कूलचा मालक. रविवार होता ना. तिनं तो कापला.

लावणं

नवा पंप बसला. गळणारं ऑइल सील बदललं. टेन्शनर सैल लावून ठेवला. आता पट्टा.

वरच्या पुलीवर एक खूण असते, खालच्यावर एक. दोन्ही आपापल्या जागी आणायच्या आणि मग मधे पट्टा चढवायचा, एकही दात इकडचा तिकडे न होता. एवढंच काम. शेंबडं पोरही सांगेल, याला दोन माणसं असतील तर त्यांनी एकमेकांना विचारावं.

वर: दादानं खूण जुळवली. पट्टा चढवताना ती केसभर सरकली. त्यानं अंगठ्यानं पुली परत ढकलली.

खाली: पट्टा ढिला लागला. बारक्यानं पाना लावून आपली पुली जराशी पुढे घेतली.

"काय केलंस?" मास्तरणीनं विचारलं.

"काही नाही, ताई."

वर: खूण पुन्हा सरकलेली. दादानं भुवया उंचावल्या, अंगठा लावला.

"काय केलंस, दादा?"

"कुठे काय."

खाली: पुन्हा ढिला. बारक्या ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. ते नातेवाइकाविषयी होतं. पाना फिरला.

वर: अंगठा.

खाली: पाना.

दोघंही दुसऱ्याची चूक दुरुस्त करत होते, दुसऱ्याला कळू न देता. आणि दोघांच्याही तोंडावर समाधान, की आपण आहोत म्हणून चाललंय. शेवटी पट्टा ताठ झाला, टेन्शनर घट्ट झाला. दादा हात पुसत मागे सरला.

आता इंजिन चालू करण्याआधी खालून हातानं फिरवून बघायचं असतं, कुठे अडत नाही ना. ते काम बारक्याचं. त्यानं पाना लावला आणि फिरवला. अर्धा फेरा गेला. मग अडलं.

बारक्यानं जोर केला. हलेना.

"प्लग काढले नसणार," तो खड्ड्यातल्या भिंतीला म्हणाला. "आत हवा दाबली जातेय, म्हणून जड जातंय. वरच्या साहेबांना सांगणार कोण!" आणि त्यानं बाजूचा लांब पाइप उचलून पान्याच्या दांड्यावर चढवला.

मास्तरणीला इंजिनातलं फारसं कळत नव्हतं. पण प्लग तिच्या नाकासमोर फडक्यावर पडले होते, सगळेच्या सगळे, नुकतेच पुसलेले. आणि खाली पाइप चढलेला, त्यावर बारक्याचे दोन्ही हात, त्यामागे त्याचं सगळं वजन.

तिचा उजवा पाय आपोआप फरशीवर आपटला. तिथे ब्रेक नव्हता.

"थांब! बारक्या, हात काढ! प्लग इथे बाहेर आहेत!"

खाली पाइप तिथेच थांबला.

"बाहेर आहेत?"

"केव्हाचे!"

पाइप हळूच काढल्याचा आवाज आला. मग बारक्याचा आवाज, पार बदललेला. "मग ते... मग आत व्हॉल्व्हलाच लागतंय, ताई."

दादानं मान खाली घातली, पुलीवरची खूण पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी बरोबर लावलं होतं," तो छताला म्हणाला.

"मीपण," खड्डा म्हणाला.

"तू अंगठा लावलास," मास्तरीण म्हणाली. "मी बघितला."

"मी? छे. पुली आपोआप सरकते."

"आणि तू पाना फिरवलास."

"मी फक्त धरला होता, ताई."

"शपथ घ्या!"

दोघांनी घेतली. खोटी नव्हती ती. अंगठा आणि पाना मनातल्या मनात चालले होते, आणि मनातलं काही या दोघांच्या कानांपर्यंत पोचत नव्हतं. अगदी वकीलसाहेबांच्या आरशासारखं. तिला एकदम शिणल्यासारखं झालं. लहानपणी याच दोघांनी मधे तिला बसवून एक पतंग उडवला होता. एकानं मांजा सोडला, दुसऱ्यानं ओढला, कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि पतंग गेला. मार तिनं खाल्ला.

आता पतंग नव्हता. जोर आणखी एकदा लागला असता तर उद्या सकाळी ती त्या खुर्चीत बसून म्हणाली असती, "नमस्कार, बोला, कुठली वेळ हवी?"

फोन पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

उजळणी

"पट्टा काढा," ती म्हणाली. "दोघंही ऐका. तुम्ही माझे भाऊ वगैरे नाही. माझ्या गाडीतले शिकाऊ आहात, आणि आतापर्यंत जे पाहिलं त्यावरून नापास आहात. आता हात जे करील ते तोंडानं सांगायचं. मोठ्यानं."

"कुणाला सांगायचं?" दादानं संशयानं विचारलं.

"त्याला सांगायचं असेल तर मी नाही," खड्डा म्हणाला.

"त्याला नको, तुमची अब्रू जाईल. मलाही नको, मी पोस्ट उघडलेलं नाही." तिनं बॉनेटखाली बोट दाखवलं. "इंजिनाला सांगा. ते बिचारं तुमच्यामधे अडकलंय. त्याला कळू दे, कुणी काय केलं."

आतल्या खोलीचं दार करकरलं. वहिनी फटीतून बघत होती.

मग दादा खाकरला. या वयात, या कामात, इंजिनाशी बोलायची पाळी आली, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"वरची खूण... समोर आणली," तो इंजिनाला म्हणाला. "धरून ठेवलीय."

"काय धरून ठेवलंय?" मास्तरीण.

"पुली. पान्यानं. अंगठ्यानं नाही."

खालून: "खालची खूण समोर. पाना काढून घेतलाय. हात रिकामे."

वरून: "हां. मग पट्टा खालून चढवायला घ्यावा इंजिनानं."

खालून: "चढवला. आता वर देतोय. ताणून."

वरून: "मिळाला. केसभर सरकतंय. मी हलवू का, इंजिना?"

खालून: "इंजिना, हलवायचं नाही म्हणावं. खाली ढिलाई आहे, ती टेन्शनर ओढून घेईल. आहे तिथेच राहू दे."

वरून: "आधीच का नाही बोललास?"

पट्ट्यावरचा खालचा हात थांबला.

"म्हणजे इंजिना," दादा घाईनं म्हणाला, "तू आधीच का नाही बोललास."

"इंजिनाला कुणी विचारलंच नव्हतं," खड्डा म्हणाला.

वहिनीनं तोंडाला पदर लावला आणि दार पुरतं उघडलं.

"पंपावरून गेला पट्टा," दादा सांगत होता. आवाज आता चांगलाच मोठा झाला होता. "टेन्शनरवर आला. इंजिना, नट घट्ट करायला घे."

"करतोय. खूण बघ रे इंजिना, वरची."

"जागेवर."

"खालची जागेवर. आता फिरवतोय. पाइप नाही, नुसता पाना."

पाना फिरला. मास्तरीण स्टुलावरून उठली होती आणि तिचा उजवा पाय हवेत धरलेला होता, हे तिचं तिलाच कळलं नाही. फेरा पुरा झाला. दुसरा फेरा. कुठेही अडलं नाही. वरची खूण आली ती बरोबर आपल्या खाचेसमोर, आणि खालून आवाज आला, "आली. इंजिना, आली बघ."

"आली," दादा म्हणाला.

कान

सगळं परत चढायला दुपार झाली. आवरणं लागली, चाक लागलं, कूलंट भरलं. मास्तरणीनं खिशातून चावी काढली. दादानं हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे अशा नजरेनं पाहिलं की तो मागे गेला. ती स्वतः बसली, स्टीअरिंगच्या बाजूला, जिथे ती एरवी कधी बसत नाही.

"न्यूट्रल," ती मोठ्यानं म्हणाली. "हँडब्रेक ओढलाय. चावी फिरवतेय."

इंजिन पेटलं. एकदाच खाकरलं आणि मग गुळगुळीत, एकसारखं, तक्रार नसलेलं गुरगुरू लागलं.

दादा इंजिनावर ओणवला, जेवढं कंबर देईल तेवढा. कान लावला. बारक्यानंही खड्ड्यातून मान वर काढून तोंड तिरकं धरलं. दोघांचे डोळे मिटलेले, दोघांच्या कपाळाला सारखीच आठी. कुणीही सांगितलं असतं, एका साच्यातली मडकी.

"इंजिना," दादा जरा वेळानं म्हणाला, "असं ऐकू यावं लागतं. म्हणून तो रेडिओ नको होता." मग चष्मा सारखा करून: "एक षटक थांबायला हरकत नव्हती, तेही खरं."

बारक्यानं डोळे उघडले. मास्तरणीला वाटलं, आता हा वर येतो की काय, गळ्यात पडतो की काय. असलं काही बघायची तिची तयारी नव्हती.

"इंजिना," बारक्या म्हणाला, "ती मॅच हरलेच ते. ऐकण्यासारखं काही नव्हतं."

"हरले?"

"पडले सगळे."

"मग बरंच झालं," दादा इंजिनाला म्हणाला, आणि बॉनेट धाडकन बंद केलं.

एवढं काय ते झालं. माफी मागितली ती लोखंडाची, मिळाली तीही लोखंडाकडून. आणि दोघांच्याही तोंडावर असा भाव, जणू आपण फार मोठं मन केलं! मास्तरणीनं मनातल्या मनात दोघांना चार शिव्या दिल्या, आणि मग स्वतःचाच नियम आठवून मोठ्यानंही दिल्या. वहिनी मान डोलवत राहिली.

खिशातला फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी तिनं तो घेतला.

"काय बाई," मालक म्हणाला, "सकाळपासून फोन उचलत नाही तुम्ही. गाडी बंद पडली की काय? नाही, खुर्ची रिकामीच—"

"एक मिनिट, साहेब. ऐका."

ती उतरली आणि तिनं फोन बॉनेटवर उपडा ठेवला. इंजिन चालू होतं. तिनं निवांतपणे हात पुसले, स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, जुना पट्टा उचलून डिकीत टाकला. वकीलसाहेबांना दाखवायला बरा. मग फोन उचलला.

"हॅलो? हॅलो?" मालक ओरडत होता. "बाई, काहीच ऐकू येत नाहीये!"

"नाहीच येणार," मास्तरीण म्हणाली. "नीट चाललंय ना."

तिनं फोन ठेवला, पुन्हा स्टीअरिंगशी बसली आणि गाडी खड्ड्यावरून बाहेर काढली. आरसा बघितला, आणि बघितल्याचं मोठ्यानं सांगितलं. आरशात दादा फळीवरचा रेडिओ खाली काढत होता, आणि बारक्या खड्ड्यातून वर न येता हात उंचावून इंजिन नसलेल्या रिकाम्या जागेला ओरडून सांगत होता, "वायर सोलून घे म्हणावं आधी! नाहीतर नुसतीच पिळून ठेवतील लोक, आणि वर म्हणतील, जोडली!"